एका झडपेत : नाटकांतून रोजच्या इंग्रजीत आलेले शब्दप्रयोग

पाणकणीस

गेल्या सोमवारी ऑफिसात एक मेल आली. तीन जुन्या पद्धती बंद करून एकच नवी सुरू करायची, आणि हे सगळं 'इन वन फेल स्वूप' होणार, असं त्यात होतं. लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं 'एका फटक्यात'. अर्थ बरोबरच आहे, शब्दकोशातही तोच सापडेल. पण तो शब्द वाचला आणि मला पुढचं काही वाचवेना. तो मी पहिल्यांदा ऐकला बी.ए.च्या वर्गात, शेक्सपिअरचं 'मॅकबेथ' शिकताना.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी प्रसंग सांगते. सरदार मॅकडफ, राजाला मारून गादीवर बसलेल्या मॅकबेथविरुद्ध फौज उभी करायला इंग्लंडला गेलेला आहे. मागे त्याच्या वाड्यावर मॅकबेथचे मारेकरी जाऊन आलेत. रॉस नावाचा दुसरा सरदार ही बातमी घेऊन येतो, पण सांगायला त्याची जीभ उचलत नाही. मॅकडफ विचारतो, बायको कशी आहे? बरी आहे. आणि मुलं? तीही बरी आहेत. मी निघालो तेव्हा शांत होती सगळी, असं रॉस म्हणतो. 'शांत' या शब्दाआड त्याने काय लपवलंय ते आपल्याला ठाऊक असतं, बापाला नसतं. मग शेवटी तो सांगून टाकतो. बायको, मुलं, नोकरचाकर, जे जे हाती लागलं ते सगळं कापून काढलं.

मॅकडफला ते झेपत नाही. तो पुन्हा पुन्हा तेच विचारतो. मुलंसुद्धा? बायकोही? सगळी? सगळी म्हणालास? आणि मग ती ओळ येते : माझी सगळी गोजिरवाणी पिल्लं आणि त्यांची आई, एकाच क्रूर झडपेत? त्याच्या आधी तो मॅकबेथला 'नरकातली घार' म्हणतो. म्हणजे 'स्वूप' ही घारीची झडप. आणि 'फेल' म्हणजे 'पडणे'चा भूतकाळ नव्हे, तर क्रूर, निर्दय. 'फेलन' म्हणजे गुन्हेगार, हा त्याच मुळाचा शब्द.

माझं आजोळ खेड्यातलं. अंगणावर घारीची सावली फिरली की कोंबडी कसा आवाज काढते ते मी ऐकलेलं आहे. पिल्लं त्या आवाजासरशी पंखाखाली पळतात. एखादं मागे राहतं. आपल्याकडे 'घार हिंडते आकाशी, चित्त तिचे पिलापाशी' म्हणतात, तिथे घार आई असते. मॅकडफच्या तोंडी ती पिल्लं नेणारी आहे. म्हणून त्या वर्गात मला ही ओळ इंग्रजी वाटलीच नाही.

मला एवढंच म्हणायचं आहे की असे शब्द नाटकात कुणीतरी, कुणाला तरी, कुठल्या तरी घटकेला बोललेले असतात. तो माणूस आणि ती घटका परत जोडून पाहिली की शब्द वेगळाच ऐकू येतो. तुम्हाला असे कुठले माहीत आहेत? नुसती यादी नको, प्रसंगासकट लिहा.

---

बोरू

फार छान धागा. मी 'वेअर माय हार्ट अपॉन माय स्लीव्ह' घेतो. मनातलं उघड दाखवणाऱ्या, निष्कपट माणसाबद्दल आपण हे वापरतो. नाटकात ते बोलतो कोण, तर 'ऑथेल्लो'मधला इयागो, सेनापती ऑथेल्लोच्या हाताखालचा कपटी माणूस, आणि तेही पहिल्याच प्रवेशात! तो म्हणतो, माझ्या पोटातलं ज्या दिवशी बाहेर दिसायला लागेल त्या दिवशी मी काळीज बाहीवर लावून हिंडेन, कावळ्यांनी टोचावं म्हणून. म्हणजे मी असं कधीच करणार नाही. आणि शेवटी सांगतो, मी दिसतो तो मी नाही. आपण उचललं ते वाक्याचं एक टोक, तेही उलट्या बाजूने.

मत्सराला 'हिरव्या डोळ्यांचा राक्षस' म्हणणाराही हाच. ऑथेल्लोच्या मनात संशय पेरता पेरता त्यालाच काळजीने सांगतो, मालक, मत्सरापासून जपा. माझ्या अंगावर दर वेळी काटा येतो.

---

रंगपटामागे

मी हौशी नाटकांत बॅकस्टेज करतो, बावीस वर्षं झाली. त्यामुळे माझा आवडता शब्द 'स्टील माय थंडर'. दुसऱ्याने आपलं श्रेय किंवा आपल्या वाटची टाळी पळवली की इंग्रजीत हे म्हणतात. हे कुठल्या नाटकातलं वाक्य नाही. ते नाट्यगृहातच जन्मलं, म्हणून इथे चालेल असं वाटतं.

जॉन डेनिस नावाचा नाटककार आणि समीक्षक होता. १७०९ मध्ये लंडनच्या ड्रुरी लेनला त्याचं 'ॲपियस अँड व्हर्जिनिया' लागलं. त्यासाठी त्याने ढगांच्या गडगडाटाची एक नवी युक्ती काढली होती. नाटक पडलं, थोड्याच प्रयोगांत उतरवलं. पुढे तिथेच तो 'मॅकबेथ' बघायला गेला, तर चेटकिणींच्या प्रवेशाला त्याचाच गडगडाट! तो उभा राहून ओरडला, हा माझा गडगडाट आहे, माझं नाटक चालू देत नाहीत आणि माझा गडगडाट चोरतात, अशी ती हकीकत सांगतात.

लोक हसतात यावर. मला हसू येत नाही. आम्ही गडगडाटाला पत्रा वापरायचो. सहा फुटी पत्रा वरून दोरीने टांगायचा, खालच्या कडेला पकडून आधी नुसता थरथरवायचा, मग मनगटाने एक झटका. झटका लवकर बसला तर पत्रा वाजवल्यासारखं वाटतं, वीज वाटत नाही. तो अंदाज यायला मला दोन वर्षं लागली. इंग्लंडात ब्रिस्टलच्या जुन्या नाट्यगृहात छताजवळ लाकडी पन्हळी अजून आहेत, त्यांतून लोखंडी गोळे सोडले की प्रेक्षकांच्या डोक्यावरून गडगडाट जातो. माणूस एवढं करून एक आवाज घडवतो, आणि नाटक पडल्यावर त्याच्या हातात तेवढाच उरलेला असतो. तोही गेला तर तो ओरडणारच.

'लाइमलाइट'ही आमच्याच खात्यातला शब्द. चुन्याचा तुकडा ऑक्सिजन-हायड्रोजनच्या ज्योतीत तापवून पांढराशुभ्र झोत पाडायचे. १८३७ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात तो आला. आपण 'प्रकाशझोतात आला' म्हणतो, पण त्या झोतामागे रात्रभर तो चुन्याचा तुकडा फिरवत बसलेला एक माणूस असायचा.

---

शब्दवेल्हाळ

धागा चांगला आहे, पण दोन गोष्टी स्पष्ट सांगतो.

पहिली. 'हे शेक्सपिअरने घडवलं' असं सरसकट म्हणू नये. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशासाठी एकोणिसाव्या शतकात स्वयंसेवकांनी जुनी पुस्तकं वाचून उतारे काढले. शेक्सपिअर सगळ्यांच्या घरी होता, सगळ्यांनी बारकाईने वाचला, म्हणून कित्येक शब्दांचा पहिला दाखला त्याच्या नावावर पडला. 'डेड अ‍ॅज अ डोअरनेल' म्हणजे ठार मेलेला; ते त्याच्या नाटकात आहे, पण चौदाव्या शतकातल्या काव्यातही आहे. प्रेम आंधळं असतं हे चौदाव्या शतकातल्या कवी चॉसरने आधीच लिहिलंय. 'चकाकतं ते सगळं सोनं नसतं' ही तर युरोपभरची जुनी म्हण. 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये ती सोन्याच्या पेटीतून निघालेल्या चिठ्ठीवर आहे, इतकंच. आणि तिथे 'ग्लिटर्स' नाही, 'ग्लिस्टर्स' आहे.

दुसरी. मूळ प्रसंग विसरला गेला म्हणजे काही बिघडलं असं मला वाटत नाही. शब्द झिजतो म्हणूनच तो सगळ्यांच्या हाती येतो. ऑफिसच्या मेलमध्ये 'फेल स्वूप' लिहिणाऱ्याला मॅकडफची मुलं आठवली पाहिजेत ही अपेक्षा अन्यायाची आहे.

---

पाणकणीस

शब्दवेल्हाळ, तुमची पहिली गोष्ट शंभर टक्के मान्य. मी 'घडवलं' म्हटलेलं नाही, पण लोक म्हणतात खरं.

दुसऱ्या गोष्टीबाबत, मेल लिहिणाऱ्यावर माझा काहीच राग नाही. त्याला मी काही सांगायलाही गेले नाही. मला फक्त असं वाटतं की ज्याला प्रसंग माहीत आहे त्याने तो सांगत राहावं. रंगपटामागे यांनी पत्र्याबद्दल लिहिलं ते वाचून 'थंडर' हा शब्द मला जड लागायला लागला. त्यात अन्याय कुणावर झाला?

---

टेम्सकाठी

इथे इंग्लंडात शेजारची बाई तिच्या दोन वयात आलेल्या मुलांबद्दल नेहमी म्हणते, 'दे ईट मी आउट ऑफ हाउस अँड होम'. घरचं खाऊन खाऊन मला रस्त्यावर आणतील, अशा लाडाच्या सुरात.

'हेन्री द फोर्थ'च्या दुसऱ्या भागात हे बोलते मिस्ट्रेस क्विकली, लंडनमधल्या ईस्टचीपची खाणावळवाली. फॉल्स्टाफ नावाच्या लठ्ठ सरदाराने तिच्याकडे वर्षानुवर्षं उधारीवर खाल्लंप्यायलंय, वर लग्नाचं वचनही दिलंय. शेवटी ती फिर्याद करून शिपाई घेऊन येते. न्यायाधीश विचारतात, किती रकमेसाठी? ती म्हणते, रकमेचं काय घेऊन बसलात, माझं होतं नव्हतं ते सगळं गेलं. घरादारासकट मला खाल्लं याने, माझी सगळी माया त्या ढेरीत घातली. मी गरीब विधवा आहे, असंही सांगते.

आणि पुढे काय होतं माहीत आहे? फॉल्स्टाफ तिला बाजूला घेतो, दोन गोड शब्द बोलतो, आणि ती फिर्याद मागे घेते. एवढंच नाही, त्याला आणखी पैसे देण्यासाठी भांडी आणि भिंतीवरचे पडदे गहाण टाकायला तयार होते. वेळ पडली तर अंगावरचा झगाही. लोक या प्रवेशाला हसतात, मीही हसले होते. पण माझ्या आत्याने लालबागच्या दोन खोल्यांत गिरणी कामगारांची खाणावळ चालवली. महिनाअखेरीची वही आणि 'पुढच्या पगाराला नक्की, मावशी' हे मी लहानपणी पाहिलंय. त्या वहीतली सगळी पानं काही फिटली नाहीत. क्विकलीबाई मला अगदी ओळखीच्या वाटतात.

---

सुरुंगवाला

मी दगडखाणीत ब्लास्टिंगचं काम पाहायचो, आता निवृत्त. साहित्याचा माणूस नाही, पण 'हॉइस्ट बाय हिज ओन पेटार्ड', म्हणजे दुसऱ्यासाठी लावलेल्या डावात आपणच सापडणं, याबद्दल लिहायलाच हवं, कारण पुष्कळांना पेटार्ड म्हणजे दोरी किंवा झेंडा वाटतो. 'हॉइस्ट' म्हणजे वर चढवणे, त्यामुळे तसं होत असावं.

पेटार्ड म्हणजे दार फोडायचा बॉम्ब. धातूचं घंटेच्या आकाराचं भांडं, आत दारू ठासलेली, तोंड किल्ल्याच्या दरवाजाला लावून फळीने पक्कं करायचं आणि वात पेटवून पळायचं. सगळा धोका वातीत. ती एकसारखी जळत नसे. दारू दमट लागली की वात मध्येच मंदावते, माणूस बघायला परत जातो, आणि तेवढ्यात ती धरते. हे आमच्या धंद्यातलं पहिलं भय. न उडालेल्या भोकाजवळ लगेच जायचं नाही, हा नियम माणसं गमावून शिकलेला आहे.

शेक्सपिअरच्या नाटकात राजपुत्र हॅम्लेटला इंग्लंडला पाठवतात, सोबत दोन जुने मित्र, आणि त्यांच्याजवळ राजाचं पत्र. पुढे कळतं की त्या पत्रात हॅम्लेटलाच मारायचा हुकूम आहे. निघण्याआधीच त्याला संशय आलेला असतो, तेव्हा तो आईला म्हणतो की सुरुंग लावणाराच आपल्या पेटार्डने उडालेला बघायला मजा येईल, मी त्यांच्या सुरुंगाच्या गजभर खाली खणेन आणि त्यांना चंद्रापर्यंत उडवीन. आणि तसंच होतं. पत्र बदललं जातं, मरतात ते दोघे.

आपल्याकडे हे प्रत्यक्ष घडलेलं आहे. १७०० मध्ये औरंगजेबाने सातारच्या किल्ल्याला, म्हणजे अजिंक्यताऱ्याला वेढा दिला, तेव्हा मोगलांनी तटाखाली दोन सुरुंग भरले. पहिला उडाला तेव्हा आतले मराठे दबले, किल्लेदार प्रयागजी प्रभूही ढिगाऱ्यात गाडले गेले, पण जिवंत निघाले. दुसरा उडाला तेव्हा तट बाहेरच्या अंगाला कोसळला आणि खाली हल्ल्यासाठी दाटीने उभे असलेले मोगल सैनिकच मोठ्या संख्येने त्याखाली चिरडले गेले. दगड कुठल्या अंगाला जाईल हे भोक भरणाऱ्याला नेमकं कधीच सांगता येत नाही. मी किल्ल्यावर जातो तेव्हा तट बघत उभा राहतो.

---

मोगरीचा_वेल

'गॅसलाइटिंग' राहिलं, म्हणजे समोरच्याला स्वतःच्याच डोक्याबद्दल संशय घ्यायला लावणं. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या मेरियम-वेब्स्टर कोशाने तो वर्षाचा शब्द ठरवला होता. पण त्यामागे पॅट्रिक हॅमिल्टनचं १९३८ चं 'गॅस लाइट' हे नाटक आहे, हे ठाऊक नसतं. सिनेमा नंतरचा.

नाटकात जुन्या लंडनमधलं एक घर आहे. नवरा वस्तू लपवतो आणि बायकोला म्हणतो, तूच हरवल्यास, तुझ्या डोक्यात फरक पडलाय. रोज संध्याकाळी तो बाहेर जातो. तो गेला की थोड्या वेळाने तिच्या खोलीतली गॅसची ज्योत आपोआप बारीक होते, आणि वरच्या बंद मजल्यावर पावलं वाजतात. तो परत यायच्या आधी ज्योत पुन्हा मोठी होते. खरं असं असतं की तोच चोरवाटेने वर जाऊन, तिथला दिवा लावून, कधीकाळी खून करून न सापडलेली माणकं शोधत असतो. वरचा दिवा लागला की नळीतला गॅस वाटला जातो आणि खालचा मंद होतो. एक निवृत्त पोलीस अधिकारी तिच्याकडे येतो, त्याच्यादेखत ज्योत उतरते, आणि तिला कळतं की आपण वेड्या नाही.

माझ्या जवळच्या नात्यात एक बाई आहेत. तीस वर्षं त्यांनी 'तुला भास होतात', 'तुझ्या लक्षात राहत नाही', 'असं मी बोललोच नव्हतो' ऐकलं. त्यांच्याकडे या गोष्टीला शब्दच नव्हता. दोन वर्षांपूर्वी मी त्यांना हे नाटक गोष्टीसारखं सांगितलं, भाजी निवडता निवडता. शब्द नाही सांगितला, फक्त ज्योत कशी बारीक व्हायची ते. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, 'म्हणजे दुसऱ्याने पण बघायला हवी होती ना ज्योत.'

शब्दवेल्हाळ, म्हणून मला प्रसंग लागतो. आजकाल नुसतं खोटं बोलण्यालाही गॅसलाइटिंग म्हणतात. त्यात ती ज्योत राहत नाही.

---

पोटोमॅक

वरचं वाचून थांबलो जरा. त्या बाईंना नमस्कार सांगा.

वॉशिंग्टनमध्ये राष्ट्रीय अभिलेखागाराच्या इमारतीबाहेर एक पुतळा आहे, त्याच्या चौथऱ्यावर कोरलंय 'व्हॉट इज पास्ट इज प्रोलॉग'. जे झालं ती नांदी. कागदपत्रं जपणाऱ्या संस्थेला शोभणारं. 'टेंपेस्ट'मध्ये हे अँटोनिओ बोलतो, झोपलेल्या राजाला मारून टाक म्हणून त्या राजाच्याच भावाला चिथवताना. आजवर झालं ती नांदी, पुढचं नाटक तुझ्यामाझ्या हातात. मी तिथून रोज जातो, आता रोज हे आठवतं.

---

खडूफळा

अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवते. 'व्हेअरफोर आर्ट दाउ रोमिओ' म्हणजे 'रोमिओ, तू कुठे आहेस' नव्हे, 'तू रोमिओ का आहेस', या घराण्याचा का, हे दर वर्षी सांगावं लागतं. सज्जात उभी राहून मुलगी प्रियकराला शोधत नाहीये, त्याच्या आडनावाशी भांडतेय. हे सांगितलं की आमच्या वर्गात एकदम शांतता होते. आडनावाचं भांडण मुलांना समजावून द्यावं लागत नाही.

'स्वीट्स टु द स्वीट', म्हणजे गोड माणसाला गोड, हे चॉकलेटच्या खोक्यावर असतं. हॅम्लेटची आई हे त्याच्या प्रेयसीच्या, ओफीलियाच्या थडग्यात फुलं टाकताना म्हणते. तुझ्या लग्नाची शेज सजवीन असं वाटलं होतं, थडग्यावर नव्हे, असं पुढे म्हणते. यंदा हे सांगितल्यावर एका मुलीने विचारलं, मग खोक्यावर कसं आलं? मला नीट उत्तर देता आलं नाही.

मुलांना कल्पना यावी म्हणून मी 'तळीराम' सांगते. एकतीस डिसेंबरला पेपरात 'तळीरामांवर कारवाई' येतं, पण 'एकच प्याला'मध्ये सुधाकराच्या हाती पहिला प्याला देणारा तो तळीराम, १९१९ चा, हे मुलांना माहीत नसतं. आता दारू पिणारा प्रत्येक जण तळीराम. नाटकात मात्र सुधाकरही पितो, आणि पेपरात सुधाकराचं नाव कधी येत नाही.

---

शब्दवेल्हाळ

मोगरीचा_वेल, तुमचा प्रतिसाद काल रात्री वाचला आणि माझं दुसरं म्हणणं मी मागे घेतो. निदान काही शब्दांपुरतं. 'ब्रेक द आइस', म्हणजे अनोळखी माणसांतला संकोच मोडणं, तो झिजला तर झिजू दे. 'गॅसलाइटिंग' झिजता कामा नये.

आता थोडी भर, भांडणाशिवाय. अपमानित बाईच्या संतापापुढे नरकही फिका, ही ओळ लोक शेक्सपिअरच्या नावावर खपवतात. ती विल्यम काँग्रीव्हच्या 'द मोर्निंग ब्राइड'ची, १६९७. संगीत रानटी काळजालाही निववतं, हे त्याच नाटकाचं पहिलं वाक्य, आणि तिथे 'ब्रेस्ट' आहे. लोक 'बीस्ट' म्हणतात. शेरिडनच्या 'द रायव्हल्स'मधल्या (१७७५) मिसेस मॅलाप्रॉपवरून 'मॅलाप्रॉपिझम' आला, म्हणजे एका शब्दाऐवजी तशाच आवाजाचा भलताच शब्द बोलणं. ती बाई नाइल नदीकाठच्या सुसरीला 'अ‍ॅलिगेटर' म्हणायच्या ऐवजी 'अ‍ॅलिगरी', म्हणजे रूपककथा, म्हणते. आणि सगळ्यांत जुना म्हणजे 'क्लाउड कुकू लँड', म्हणजे वास्तवाशी संबंध नसलेलं स्वप्नांचं जग : ग्रीक नाटककार अ‍ॅरिस्टोफेनिसच्या 'पक्षी' नाटकातली पाखरांनी ढगांत बांधलेली नगरी, इसवी सनापूर्वी ४१४.

---

बोरू

पाणकणीस, तुमच्या प्रसंगात पुढची एक ओळ राहिली. राजपुत्र माल्कम मॅकडफला म्हणतो, मर्दासारखा सामोरा जा. मॅकडफ म्हणतो, जाईन. पण माणसासारखं मला हे आधी सोसायलाही हवं. दोन्हीकडे शब्द एकच, 'मॅन'. माल्कमच्या तोंडी तो मर्द आहे, मॅकडफच्या तोंडी माणूस. ही ओळ कुणी मेलमध्ये लिहीत नाही.

---

पाणकणीस

बोरू, हो. ती राहिली कारण मला ती आठवतच नव्हती. काल माळ्यावरून कॉलेजची प्रत काढली. त्या पानाचा कोपरा दुमडलेला आहे. 'मॅन' या दोन्ही शब्दांखाली रेघ आहे, तेव्हा सरांनी सांगितलं असणार.

आणि 'ऑल?' आहे ना, तिथे समासात पेन्सिलने माझ्याच अक्षरात 'सगळी?' लिहिलंय. त्या दिवशी सरांनी पुस्तक खाली ठेवून तेवढा एक शब्द मराठीत म्हटला होता.